नवं घर, नवं किचन आणि रोज एक नवं दुखणं

एका वाचक मैत्रिणीच्या पत्राचा सारांश: तीन महिन्यांपूर्वी तिने आणि नवऱ्याने घर विकत घेतलं. आधीच्या मालकांनी विकायच्या थोडं आधीच किचन नव्याने करून घेतलं होतं. घर तिनेच पसंत केलं, तेही मुख्यतः ते किचन बघून. राहायला आल्यावर मात्र एकेक बाहेर यायला लागलं. सिंकमधलं पाणी तुंबत तुंबत जातं, खालून वास येतो आणि सिंकखालच्या कपाटाची फळी फुगली आहे. चिमणी मोठ्याने घोंघावते, पण धूर घरभर फिरतो. कोपऱ्यातला ड्रॉवर शेजारच्या ओव्हनच्या हँडलला अडतो आणि अर्धाच उघडतो. केटल आणि ओव्हन एकदम चालवले की थोड्या वेळाने एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा खटका) पडतो. दारं खालीवर झाली आहेत. गेल्या आठवड्यापासून वरच्या कपाटाच्या माथ्याशी, भिंतीलगत, नख जाईल एवढी फट दिसते. नवरा म्हणतो, सगळं उखडून नवं करू. तिला वाटतं आपल्याला फसवलं गेलं. तीनदा घर पाहूनही आपल्याला काहीच कसं दिसलं नाही, हे तिला खात राहतं. ती विचारते, "सुरुवात कुठून करू?"

बाकी सगळं नंतर. आधी ते वरचं कपाट रिकामं करा, आजच.

माथ्याशी फट पडते याचा अर्थ कपाट पुढे झुकायला लागलं आहे आणि त्याला धरणारे स्क्रू भिंतीतून थोडे थोडे बाहेर येत आहेत. काचेची भांडी आणि भरलेले डबे धरले तर अशा एका रुंद कपाटाचं वजन चाळीस-पन्नास किलो सहज होतं, आणि खाली उभं राहून काम करणारं माणूस बहुतेक तुम्हीच असता. आधी ओटा आणि कपाटाचा तळ यांच्यामध्ये लाकडाचा घट्ट टेकू द्या, मग वरच्या फळीपासून सामान काढत खाली या. रिकामं झालं की आत टॉर्च मारून मागची बाजू बघा. कपाट कशाने धरलं आहे? दोन्ही वरच्या कोपऱ्यांत लोखंडी हँगर असतील आणि ते भिंतीवरच्या पट्टीत अडकले असतील, तर रचना योग्य आहे, फक्त पट्टीचे स्क्रू चुकले असतील. पण मागच्या पातळ पाठीतूनच चार स्क्रू थेट भिंतीत मारलेले दिसले, तर दुखणं तिथेच आहे.

हिशोब करून बघा. स्क्रू ५० मिलिमीटरचा आहे असं धरू. कपाटाची पाठ ६ मिलिमीटर, लादी ८, खालचं प्लास्टर १५. म्हणजे खऱ्या भिंतीत स्क्रू जेमतेम २१ मिलिमीटर शिरला. वजन पेलते ती वीट किंवा काँक्रीट. लादी आणि प्लास्टर काही पेलत नाहीत. सुताराला सांगताना "स्क्रू घट्ट करा" म्हणू नका. ढिला झालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळला तर दोन महिन्यांत पुन्हा निघतो. भोक नवीन हवं आणि पक्क्या भिंतीत निदान ५० मिलिमीटर पकड हवी. म्हणजे स्क्रू ८० मिलिमीटरच्या आसपासचा आणि भोकात आधी ठोकायचा, त्याच्या मापाचा प्लग. भिंत पोकळ ब्लॉकची किंवा वजनाला हलक्या ब्लॉकची असेल, तर साधा प्लास्टिकचा प्लग फिरतच राहतो; त्या भिंतीसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच वापरायला सांगा. ड्रिलमधून पडणारी भुकटी बघितली की भिंत कशाची आहे ते कळतं. लाल असेल तर वीट, करडी आणि कडक असेल तर काँक्रीट. पांढरट-करडी, मऊ आणि पटकन पडणारी असेल तर हलका ब्लॉक. एक कपाट सुटलंय म्हणजे शेजारची सगळी त्याच हाताने बसवलेली असणार, तीही उघडून बघा.

आता तुम्ही स्वतःला जे विचारताय त्याबद्दल. तीनदा येऊन काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. घर बघायला येणारं माणूस नळ दोन सेकंद सोडून बंद करतं, सिंक काठोकाठ भरून रिकामं करत नाही. कपाटं तेव्हा रिकामी असतात, म्हणून झुकत नाहीत. चिमणी आवाज करते म्हणजे चालते असं कुणालाही वाटतं. ओव्हन आणि केटल एकदम कोण लावून बघतं? किचनमधल्या दोषांपैकी बरेचसे असेच असतात. वजन पडल्यावर, पाणी सलग वाहिल्यावर किंवा दोन गोष्टी एकाच वेळी वापरल्यावरच ते बाहेर येतात. त्यामुळे तुमच्या डोळ्यांवर पट्टी होती, हे मला पटत नाही. तुम्ही किचन पाहिलं होतं, वापरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. ती झालीच नसेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या तक्रारी पुन्हा वाचल्या तर त्यांच्यात एक साम्य दिसतं. दोष जवळजवळ प्रत्येक वेळी दोन कामांच्या जोडावर आहे. ड्रॉवर ठीक आहे, ओव्हनही ठीक आहे. अडतात ते एकमेकांना. चिमणी बहुधा चांगली असेल, तिची नळी कुणीतरी वेगळ्याने लावली. सुताराने कपाट नीट केलं, पण भिंत कशाची आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. प्लंबर येऊन गेल्यावर सुताराने फळीला भोक पाडलं आणि त्या भोकाची कड उघडी राहिली. प्रत्येकाने आपापलं काम केलं, जोड कुणाच्याच यादीत नव्हता. बऱ्याच किचनचं असंच होतं आणि राहून गेलेल्या मालकांनाही ते ठाऊक नसू शकतं, विशेषतः किचन करून लगेच घर विकलं असेल तर.

लपवाछपवीच्या खुणा वेगळ्या असतात. फुगलेल्या फळीवर नवं लॅमिनेट किंवा स्टिकर चिकटवलेला असणं. जुन्या काळ्या पडलेल्या सिलिकॉनवर नव्या सिलिकॉनचा थर असणं. सिंकखालच्या भिंतीवर, फक्त तेवढ्याच भागात ताजा रंग असणं. यातलं काही दिसलं तर हात लावायच्या आधी फोटो काढा, तारखेसकट, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. विक्रीच्या कागदांत फिटिंग आणि उपकरणांबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. दाद कशी आणि किती दिवसांत मागता येते याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, म्हणून तो सल्ला तुमच्या भागातल्या वकिलाकडूनच आणि लवकर घ्या. दुरुस्ती उरकून मग चौकशी केली तर दाखवायला काही उरत नाही.

मात्र आधीच्या मालकांना पहिला निरोप जाईल तो आरोपाचा नसावा. त्यांच्याकडे आत्ता तुम्हाला पैशांपेक्षाही जास्त उपयोगाच्या गोष्टी आहेत. काम कुणी केलं, बिलं आणि वॉरंटीची कार्डं कुठे आहेत, भिंत बंद करण्याआधी पाइप आणि वायरिंगचे फोटो काढले होते का. हे विचारा. भांडण झाल्यावर ही माहिती कुणी देत नाही.

आता पाणी. तुमच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान तेच करतंय, आणि तिथेच नेमकेपणा लागतो.

सिंकखालचं सगळं बाहेर काढा, फळी आणि पाइप कोरड्या फडक्याने पुसा, आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. पांढरा टिश्यू असेल तर आणखी बरं. रात्री झोपताना अंथरलं आणि सकाळी, कुणी नळ सोडण्याआधी, कागद ओला दिसला, तर गळती पुरवठ्याच्या बाजूला आहे: अँगल कॉक (सिंकखालचा पाणी बंद करायचा छोटा कॉक), नळाला जाणारी लवचिक नळी किंवा त्यांचे जोड. तिथे पाणी चोवीस तास दाबाखाली असतं, म्हणून वापर नसतानाही झिरपतं. सकाळी कागद कोरडा असेल तर सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. आता ओला झाला तर गळती निचऱ्याच्या बाजूला आहे: जाळीखालचं वॉशर, ट्रॅपची (सिंकखालच्या वाकलेल्या पाइपची) चकती किंवा पाइप भिंतीत शिरतो तो जोड. नळ बारीक सोडून ही गळती सापडत नाही, कारण पाइप अर्धाही भरत नाही. आणि या दोन्ही वेळी कोरडं असेल तर नळाच्या बुडाशी आणि सिंकच्या कडेने कपभर पाणी ओता, पाच मिनिटं थांबा आणि खालून बोट फिरवा. ओट्यावर सांडलेलं पाणी सिंकच्या कडेने खाली उतरतं, आणि लोक उगीच प्लंबरला दोष देत बसतात.

या तीन तपासण्या झाल्या की कुठल्या माणसाला बोलवायचं ते तुम्हाला आपोआप कळेल. पुरवठ्याची लवचिक नळी गळत असेल तर ती बदला, दुरुस्त करत बसू नका. तिच्या विणलेल्या पोलादी जाळीवर गंजाचे डाग किंवा तुटलेले तार दिसले तर गळत नसली तरी बदला, कारण ती फुटते तेव्हा थेंबाथेंबाने फुटत नाही. या नळ्यांच्या टोकाला आतच रबरी वॉशर असतं. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नसते. हाताने आवळायचं आणि पान्याने फार तर पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर चिरतं आणि गळती वाढते. पुष्कळ ताज्या फिटिंगमधली गळती अशा जास्तीच्या आवळण्यातूनच आलेली असते.

निचरा आणि वास ही मला एकाच कारणाची दोन रूपं वाटतात. सिंकखाली काय दिसतं? घडीघडीचा, ताणता येणारा प्लास्टिकचा पाइप थेट भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या भोकात गेला असेल, तर तिथे ट्रॅपच नाही. ट्रॅप म्हणजे पाइपचा तो वाकलेला भाग, ज्यात कायम थोडं पाणी अडून राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास आत येऊ देत नाही. ही पाण्याची उभी पातळी निदान ५० मिलिमीटर असावी, ७५ असेल तर उत्तम. घडीचा पाइप वाकवून केलेला बाक काही दिवस हे काम करतो, मग त्याच्या वजनाने सैल पडतो. शिवाय प्रत्येक घडीत तेलकट थर आणि अन्नाचे कण साठतात. तुमचं पाणी तुंबत जातंय ते बहुधा यामुळेच.

याच्या जागी ४० मिलिमीटर व्यासाचा गुळगुळीत, कडक पाइप आणि पी ट्रॅप, म्हणजे कडक पाइपचाच तयार बाक, बसवून घ्या. बॉटल ट्रॅप दिसायला आटोपशीर असतो आणि हात धुण्याच्या बेसिनला चालतो, पण किचनमध्ये त्याच्या तळाशी चरबीचा गाळ बसत राहतो. पुढच्या आडव्या पाइपला दर मीटरला २० ते २५ मिलिमीटर उतार हवा. पाणसळ ठेवून हा उतार तुम्ही स्वतः बघू शकता, बुडबुडा किंचित सिंकच्या बाजूला सरकलेला दिसायला हवा. पाइप भिंतीत शिरतो तिथे नुसतं सिमेंट किंवा चिकटपट्टी असू नये, रबरी कॉलर हवी. वास आणि झुरळं दोन्ही त्या फटीतून येतात. ट्रॅप असूनही पाणी जाताना शेवटी गुडगुड आवाज येत असेल, तर वाहून जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतंय. मग दोष हवेच्या वाटेचा आहे, तो ट्रॅप बदलून जात नाही. निचऱ्याच्या पाइपला हवा घेणारा झडप बसवावा लागतो किंवा वरची बंद झालेली वाट मोकळी करावी लागते.

फुगलेल्या फळीची तपासणी पेचकसाने करा. टोक फुगलेल्या जागी हलकं दाबा. आत रुतलं तर ती जागा गेली. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे पंखा लावून वाट बघण्यात अर्थ नाही. पण नुसता तळ गेलाय की बाजूच्या उभ्या फळ्याही? हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण ओट्याच्या दगडाचा भार त्या उभ्या फळ्यांवर असू शकतो. उभ्या फळीत खालून वर पेचकस टोचत जा आणि कडक लागतं तिथे पेन्सिलने रेघ मारा. फक्त तळ गेला असेल तर तो एका दिवसाचा बदल आहे. वॉटरप्रूफ प्लायवूड किंवा भरीव पीव्हीसीची फळी, पाइपाच्या भोकांच्या कडांना सिलिकॉन, आणि समोरच्या कडेला चिकटवलेली पट्टी सलग. मूळ चूक बहुतेक वेळा भोकाच्या त्या उघड्या कडेत असते. वरून लॅमिनेट आणि मधून नागडा भुसा. उभ्या फळ्याही दोन-चार सेंटिमीटरपेक्षा वर गेल्या असतील, तर ओट्याला तात्पुरता आधार दिल्याशिवाय कुणालाही काही काढू देऊ नका. आधार न देता फळी काढली तर दगडाला सिंकच्या कापाच्या कोपऱ्यातून तडा जातो.

सिंकच्या कडेचं सिलिकॉन नव्याने भरायचं असेल तर जुनं पूर्ण खरवडून काढा, जागा पूर्ण कोरडी करा, बुरशीरोधक सिलिकॉन वापरा आणि निदान २४ तास त्या ओट्यावर पाणी पडू देऊ नका. ओटा संगमरवराचा किंवा तत्सम दगडाचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा, त्याने दगडावर डाग पडतो. न्यूट्रल प्रकारचं मागा.

चिमणीसाठी आधी एक टिश्यू जाळीवर ठेवा आणि पूर्ण वेगाने सुरू करा. कागद चिकटून राहायला हवा. राहिला नाही तर जाळ्या काढून गरम पाण्याने धुवा आणि वाळवून पुन्हा बघा. तरीही तेच असेल तर चिमणी बंद करून तिच्या माथ्यावरून बाहेर जाणारी नळी सोडवा आणि नळीशिवाय, नुसती, मिनिटभर चालवा. आता कागद घट्ट ओढला गेला तर यंत्र ठणठणीत आहे आणि दोष नळीत आहे. तुमच्या घरात असंच निघेल असं मला वाटतं, कारण मोठा आवाज आणि कमी ओढ ही हवा कोंडल्याची खूण आहे.

नळीत काय शोधायचं? चिमणीचं तोंड १५० मिलिमीटरचं आणि भिंतीतलं भोक १०० चं, हे सगळ्यात नेहमीचं. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण वाटेचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, जेमतेम ४४ टक्के उरतं. दुसरं म्हणजे ताणून न लावता, घड्या तशाच ठेवून कोंबलेली लवचिक नळी आणि तिला दोन-तीन काटकोन. तिसरं, तोंडाशी असलेली एकदिशी झडप. ती कारखान्यातून चिकटपट्टी लावून येते आणि कधी कधी पट्टी तशीच राहते. आणि चौथं, जे मला सगळ्यात गंभीर वाटतं: नळी घराबाहेर गेलेलीच नसते, फॉल्स सीलिंगच्या वर सोडून दिलेली असते. मग तेलाची वाफ तिथे साठत जाते, आणि ती आग पकडते. बाहेरच्या भिंतीवर नळीचं तोंड दिसतं का, ते बाहेर जाऊन बघा. दिसत नसेल तर ते सापडेपर्यंत चिमणी वापरू नका. अपवाद एकच: काही चिमण्या हवा बाहेर टाकतच नाहीत, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत घरात सोडतात. तशी असेल तर फिल्टर बदलण्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

चिमणी आणि गॅसच्या बर्नरमधलं अंतर बहुतेक कंपन्या ६५ ते ७५ सेंटिमीटर सांगतात; तुमच्या यंत्राच्या पत्रकात जे लिहिलं आहे ते अंतिम. शिवाय सगळ्या खिडक्या बंद करून चिमणी चालवली तर ती ओढणार काय? थोडी हवा आत यावी लागते. खिडकी चार बोटं उघडल्यावर लगेच फरक पडला तर नळीला हात लावायची गरजच नाही.

गॅसबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण नव्याने केलेल्या किचनमध्ये मी तो गृहीत धरणार नाही. नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे फुगतात का बघा. नळी ओव्हनच्या गरम पाठीमागून तर गेली नाही ना, तिच्यावर छापलेली मुदत संपली नाही ना, आणि बंद करायचा कॉक काही न हलवता हाताला लागतो ना, एवढं पुरे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी साठतो, म्हणून कपाटाच्या खालच्या बाजूच्या जाळ्या झुरळांच्या भीतीने बुजवू नका. बुडबुडे दिसले तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही.

एमसीबीचं गणित सरळ आहे. ओव्हन ३००० वॉटचा आणि केटल २२०० ची असेल तर २३० व्होल्टवर अनुक्रमे १३ आणि साडेनऊ अँपिअर, मिळून साडेबावीसच्या वर. सर्किट १६ अँपिअरचं असेल तर काही मिनिटांनी एमसीबी पडणारच, आणि पडतो हे बरंच आहे. इथे एकच कळकळीची विनंती: "मोठा एमसीबी टाकून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. एमसीबी भिंतीतल्या तारेला वाचवतो. तार तीच ठेवून एमसीबी वाढवला तर पुढच्या वेळी तो पडणार नाही, तार तापेल. ओव्हनला पेटीपासून स्वतःची वेगळी लाइन ओढून घ्या. तोवर दोन्ही एकदम लावू नका. थोड्या वेळाने न पडता लावल्या लावल्या पडत असेल, किंवा एमसीबी ऐवजी शेजारचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा खटका) पडत असेल, तर प्रश्न भाराचा नाही; पहिल्या बाबतीत बहुधा शॉर्ट सर्किटचा, दुसऱ्या बाबतीत विजेच्या गळतीचा आहे. ते उपकरण वापरणं थांबवा.

दारं आणि ड्रॉवर यांचा त्रास जास्त जाणवतो, पण काम सगळ्यात हलकं. बहुतेक आतल्या बिजागऱ्यांना दाराजवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आतबाहेर, आणि कपाटावरच्या पट्टीचे दोन स्क्रू वरखाली. एका वेळी पाव फेरा, दार लावून बघा, मग पुढचा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर पार्टिकल बोर्डातलं भोक खचलंय. ते ८ मिलिमीटरचं करून त्यात लाकडी खुंटी गोंद लावून ठोका, दुसऱ्या दिवशी कड सपाट करा आणि ३ मिलिमीटरचं नवं भोक पाडून स्क्रू बसवा.

कोपऱ्यातल्या ड्रॉवरच्या शेजारी भरणीची उभी पट्टी सोडायची असते, साधारण ५० मिलिमीटर किंवा समोरचं हँडल जेवढं बाहेर येतं त्यापेक्षा जास्त. ती कुणी सोडली नाही. ओव्हनचं हँडल बदलता येणार नाही, पण ड्रॉवरचं येतं. आधी ते काढून ड्रॉवर उघडून बघा. नुसता दर्शनी भाग अडत असेल तर चपट्या हँडलने किंवा कडेच्या खाचेने सुटेल. ड्रॉवरची पेटीच अडत असेल तर ती अरुंद करून घ्यावी लागेल, एवढीच एक.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते मी धुडकावून लावणार नाही. उभ्या फळ्या ओट्याच्या निम्म्यापर्यंत सडल्या असतील, तर तुकड्यातुकड्याने दुरुस्ती करण्यात पैसे जातात. ओट्याची उंची तुमच्या शरीराला जुळत नसेल तरीही उखडणं रास्त आहे. कोपर काटकोनात वाकवून उभ्या राहा. कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा असला की कापणं-मळणं पाठीला सोसवतं. पण त्यांना एक गोष्ट दाखवा. नवं किचन बसेल ते याच निचऱ्यावर, याच चिमणीच्या भोकावर, याच तारांवर आणि याच भिंतीवर. हे चार जोड आधी नीट झाले नाहीत तर नव्या कपाटांतही हीच यादी पुन्हा तयार होईल. आणि ते नीट झाले, तर उरलेलं जुनं किचन कदाचित तुम्हाला दोघांनाही आवडेल. निर्णय कुठलाही होवो, पहिल्या महिनाभराचं काम तेच आहे, त्यामुळे त्यावर आज वाद घालायची गरज नाही.

तोवर फ्रिजवर एक कागद लावा आणि जे अडेल ते तिथे लिहा, दोघांनी. "ड्रॉवर वाईट" असं नाही. "भांडं हातात असताना ड्रॉवर उघडता येत नाही" असं. नवं करायचं ठरलंच तर ओव्हन, चिमणी, डिशवॉशर यांची बसवण्याची पत्रकं सुताराच्या हातात आधी द्या, मापं त्यावरून घेऊ द्या, आणि जोडांची जबाबदारी कुणा एकाच माणसावर लेखी सोपवा.

कारागिरांशी बोलताना काम नाही, निकाल सांगा. "ट्रॅप लावा" म्हटलं की ट्रॅप लागतो. "सिंक काठोकाठ भरून सोडल्यावर गुडगुड न होता रिकामं व्हायला हवं, आणि खालचा कागद कोरडा हवा" म्हटलं की ते तुमच्यासमोर करून दाखवावं लागतं. पूर्ण पैसे त्यानंतर द्या.

क्रम असा ठेवा: कपाट आज, गॅस आणि विजेची तपासणी याच आठवड्यात, मग पाणी, मग चिमणी, दारं आणि ड्रॉवर सवडीने. सिंकखालची नवी फळी मात्र गळती थांबली असं प्लंबरने सांगितल्याबरोबर बसवू नका. कपाट उघडं ठेवा, भिंत वाळू द्या, आणि तो वर्तमानपत्राचा कागद सलग सात दिवस कोरडा राहिला की मगच सुताराला बोलवा.